विम्बल्डनची रांग: उभं न राहता थांबायची सोय

लंडनमध्ये नव्याने राहायला आलेल्यांनो, जूनअखेर टेनिस बघायचंय आणि लॉटरीत तिकीट लागलं नाही? रांग आहे ना!

विम्बल्डन पार्कात आलात की आधी शेपूट गाठायचं. तिथे तारीख आणि क्रमांक छापलेलं क्यू कार्ड मिळतं. तेच तुमचं स्थान. ते दुसऱ्याला देता येत नाही. कार्डामुळे ताटकळत उभं राहायची गरज नाही. चटई पसरा, पत्ते कुटा, झोपा. चहाला किंवा बाथरूमला साधारण अर्धा तास जाऊन येता येतं. 'भाऊसाहेब, जरा जागा धरा' हे मात्र इथे चालत नाही!

सेंटर कोर्ट, नंबर एक आणि नंबर दोन कोर्टांसाठी रोज प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटं रांगेतल्यांना मिळतात (शेवटच्या दिवसांत सेंटर कोर्टची नाहीत). ती हवी असतील तर रात्रीच तंबू ठोका. तंबू जास्तीत जास्त दोघांचा. पहाटे स्वयंसेवक उठवतात. सामान पैसे भरून ठेवता येतं.

रेनकोट आणि पॉवरबँक विसरू नका. थेपले माझ्याकडून सुचवणी. मोठ्या कोर्टांऐवजी फक्त ग्राउंड पास (बाकीच्या कोर्टांचं तिकीट) मिळाला तरी हिरमुसू नका, बाहेरच्या कोर्टांवर खेळाडू हाताच्या अंतरावर दिसतात.