वहीतला एकशे चौदावा शब्द

गोष्ट 1987 सालची. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 उजाडावा लागला. मी बारावीत होतो आणि मला अवघड इंग्रजी शब्द पाठ करण्याचं खूळ लागलं होतं. वीरकरांची डिक्शनरी, दोनशे पानी वही आणि रोज दहा शब्द. गावाबाहेर लाल मिरच्या वाळत घातलेल्या पथारींच्या कडेनं फेऱ्या मारत मी घोकंपट्टी करायचो. एक शब्द, एक शिंक!

आम्हा मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी भेटायचं ते पाचवीत. (पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली.) त्यामुळे पुण्याला शिकायला जायचं, तर जवळ दोन-चारशे भारी शब्द हवेतच, अशी माझी ठाम समजूत. घरात आम्ही अहिराणी बोलायचो. 'मॅग्नॅनिमस, मॅग्नॅनिमस' असा जप ऐकून आई विचारायची, "हाई काय शे?" उदार, मी सांगायचो. एवढ्याशा अर्थाला एवढा मोठा शब्द कशाला, हे तिला कधी पटलं नाही. 'मंगूस'चं स्पेलिंग तर मी आठवडाभर गिरवलं. तो शब्द इंग्रजीनं आपल्या मराठीतूनच उचललेला आहे, हे कळलं तेव्हा माझे केस पिकू लागले होते.

वडिलांचं किराणा दुकान होतं. धडगावकडचे पावरा शेतकरी बाजाराला आले की मीठ-तेल घ्यायला थांबत. त्यांतले एक म्हातारे बाबा एकदा घडी घातलेला इंग्रजी कागद घेऊन आले. कुठल्याशा कार्यालयातून आलेला. वडिलांनी मोठ्या ऐटीत मला हाक मारली. वाक्यं डोक्यावरून जात होती, पण एक शब्द ओळखीचा निघाला : 'एन्क्रोचर'. माझ्या वहीतला एकशे चौदावा! मी धडाधडा सांगून टाकलं, "अतिक्रमण करणारा."

बाबांना 'अतिक्रमण' कळेना. वडिलांनी सोपं करून सांगितलं, "दुसऱ्याच्या जागेत घुसलेला माणूस."

"दुसरा कोण?" बाबांनी विचारलं.

वडील माझ्याकडे बघू लागले आणि मी कागदाकडे. बाबा रागावले नाहीत. आपल्या आज्यानं लावलेला आंबा त्या शेतात आहे, एवढं म्हणाले, कागदाची घडी कमरेला खोचली आणि मिठाची पिशवी उचलून निघून गेले. पुन्हा काही ते दुकानात दिसले नाहीत.

'दुसरा' म्हणजे सरकार, हे मला बऱ्याच वर्षांनी उमजलं. इंग्रजांनी 1878 साली आणि पुन्हा 1927 साली वनकायदे केले. जंगल सरकारच्या नावे लागलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच कसणाऱ्यांचं नाव मात्र सातबाऱ्यावर नव्हतं, म्हणून कागदोपत्री ते घुसखोर ठरले. माणूस जागचा हलला नव्हता. शब्द त्याच्या अंगावर चालून आला होता.

2006 सालच्या वनहक्क कायद्यात, अगदी सुरुवातीलाच, या लोकांवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याची कबुली आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेल्या जमिनीवर, चार हेक्टरपर्यंत, आदिवासींना हक्क मागता येतो. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो. आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं, लिहून घेतलेलं, तिथं पुरावा म्हणून चालतं. हे वाचलं त्या दिवशी मला तो आंबा आठवला. बाबांचं पुढं काय झालं, ते विचारायला दुकानही उरलं नव्हतं आणि वडीलही.

धाकट्या बहिणीची मुलगी सध्या स्पर्धा परीक्षेसाठी मोबाइलवर शब्द पाठ करते. परवा मी सहज म्हणून 'एन्क्रोचर' विचारला.

"अतिक्रमण करणारा," ती वर न बघताच म्हणाली.

"म्हणजे?"

"दुसऱ्याच्या जागेत घुसणारा."

"दुसरा कोण?"

आता मात्र तिनं मान वर केली. "मामा, असलं परीक्षेत विचारत नाहीत," म्हणाली आणि पुढच्या शब्दाकडे वळली.