राखीपौर्णिमा आणि तापीचं पाणी

आमच्या जळगाव-धुळ्याकडून तापीमाय सुरतेला जाते, तशी पोटापाण्यासाठी आमची माणसंही जातात. माझा भाऊ तिथे अडाजणला तळमजल्यावर भाड्याने राहायचा.

९ ऑगस्ट २००६, राखीपौर्णिमा. फोन काही लागेना. उकाई धरणातून ९ लाख क्युसेक्सच्या आसपास पाणी सुटलेलं, बहुतेक सुरत पाण्यात. चौथ्या दिवशी त्याचा आवाज आला, "ताई, सगळे गच्चीवर आहोत. घर गेलं." राखी डब्यातच राहिली.

मग कळलं, पूर नुसता वरून येत नाही. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला मोठं उधाण असतं. भरतीचं पाणी तापीच्या मुखातून आत चढतं, आणि पुराला समुद्रात उतरायला वाटच मिळत नाही. आपल्या गिरणा-पांझराचं पाणीही शेवटी तिकडेच जातं.

भाचा आता तिथेच खोली घ्यायला निघाला. सगळे भाव विचारत होते. मी विचारलं, "२००६ ला पाणी कुठवर होतं?" मालक गप्प. शेजारच्या आजींनी मात्र हात डोक्याच्याही वर नेला. भाच्याने दुसऱ्या मजल्यावरची खोली घेतली. महाग पडली, पण झोप लागेल.

मैत्रिणींनो, सुरतेला लेक द्या की मुलगा धाडा, तेवढं एक विचाराच. कागदपत्रं उंच माळ्यावर ठेवायला सांगा. आणि पावसाळ्यात नदी फुगली की कॅलेंडरवर तिथी बघा. उपासासाठी बघतोच ना आपण!