पूल आला की काच खाली करा

गिरगाव, दादर, परळ, लालबाग. यातल्या एकाही वस्तीला स्वतःची नदी नाही. मिठी आहे ती माहीमला, आणि तिच्या काठी चटई पसरायची कुणाची छाती नाही. तरी चाळीत कुणालाही विचारा, गावची नदी तोंडपाठ असते. आमची शास्त्री, शेजाऱ्यांची जगबुडी, खालच्या मजल्यावरच्यांची गड.

या सगळ्या नद्या एकाच रस्त्यावर भेटतात. तोच तो, आपला शिव्या खाणारा मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल-इंदापूर टप्प्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. पुढचं चाकरमान्यांना सांगायला नको. पण शिव्या देऊन झाल्या असतील तर एवढं ऐका: फुकटात नद्या बघायला महाराष्ट्रात याच्याइतका चांगला रस्ता नाही. कारण साधं आहे. सह्याद्री समुद्राला खेटून उभा, त्यामुळे नद्या आखूड आणि सगळ्या पश्चिमेला धावणाऱ्या. रस्ता उत्तर-दक्षिण. म्हणजे प्रत्येकीला ओलांडल्याशिवाय सुटका नाही. गाडीतली मंडळी मात्र पेण गेलं की झोपतात, ती थेट हातखंब्याला चहासाठी उठतात.

शिवडीतून सुटका

लालबागहून निघणाऱ्यांची सोय आता दाराशी आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडी ते चिर्ले, २१.८ किलोमीटर, त्यातले सुमारे साडेसोळा पाण्यावर. दुचाकीला बंदी. टोल जड आहे, पण गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना राज्य सरकार महामार्गांवर टोलमाफीचे पास देतं. त्यावर चक्क ‘गणेशोत्सव, कोकण दर्शन’ असं लिहिलेलं असतं. दर्शन कसलं, पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांचं! ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा अशी रो-रो सेवा काढली. मोटार वाघिणीवर चढवायची आणि आपण डब्यात बसायचं. भाडं गाडीमागे ७,८७५ रुपये होतं.

गिरण्यांचं पाणी

आता खरी गंमत. खारपाड्याला जी पाताळगंगा लागते तिच्यात घाटमाथ्यावरचं पाणी मिसळलेलं असतं. लोणावळ्याच्या बाजूला टाटांनी धरणं बांधली, पाणी नळातून खोपोलीला सोडलं आणि १९१५ साली वीज तयार केली. कुणासाठी? मुख्यतः मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. परळ-लालबागचे साचे या पाण्यावर फिरले. काम झालेलं पाणी पाताळगंगेला मिळालं.

कोलाडच्या कुंडलिकेचीही तीच कथा, फक्त जास्त कडू. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह केला. धरण झालंच, १९२७ ला वीज सुरू झाली. आज सकाळी भिऱ्याला पाणी सुटलं की कोलाडला राफ्टिंगवाल्यांच्या शिट्ट्या सुरू होतात. उन्हाळ्यात कोकणातल्या नद्या आटतात तेव्हाही ही खळाळत असते, त्याचं गुपित हेच. रबरी होडीत किंचाळणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की आपल्या आजोबांची पाळी याच पाण्याच्या विजेवर चालायची?

तिसरी चिपळूणची वाशिष्ठी. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून तिच्याकडे येतं. पूर्वेला कृष्णेकडे जाणारं पाणी माणसाने डोंगर फोडून अरबी समुद्राकडे वळवलं.

परळहून महाड, नदीमार्गे

महाडला गाडी थांबवाच. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, तीही कृष्णेच्या शेजारी. एक बहीण बंगालच्या उपसागराला गेली, दुसरी बाणकोटला अरबी समुद्रात. महाडजवळचा तिच्यावरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसट्या वाहून गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. ज्या महामार्गाचं बाकीचं काम युगानुयुगं चालतं, त्यावर हे घडलं हेही नोंदवून ठेवू या.

पण महाडशी परळचं नातं याहून जुनं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. डिसेंबरात परिषदेसाठी पुन्हा महाडला निघाले तेव्हा ते रस्त्याने गेले नाहीत. मुंबईहून बोटीने हरिहरेश्वर, तिथून सावित्रीच्या खाडीतून दासगाव, आणि दासगावहून सगळे मिरवणुकीने महाडला चालत. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृतीचं दहन झालं. दासगाव आज महामार्गावर आहे. पाटी दिसते न दिसते तोच मागे पडते.

महाड यायच्या आधी डोंगराच्या पोटात गांधारपाल्याची लेणी दिसतात, तिसाच्या आसपास. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे बौद्ध विहार. आत दगडात कोरलेल्या खोल्या आणि झोपायचे ओटे. व्यापारी मार्गाजवळ, नदीकाठी, पावसाळ्याचे महिने काढायला केलेली सोय. या रस्त्यावरचा फुकट मुक्कामाचा सर्वांत जुना पत्ता हाच. आता तिथे झोपू देत नाहीत, पण चढून बघायला हरकत नाही.

मग झोपायचं कुठे?

तंबू ठोकायला सरकारी जागा शोधू नका. कोकणात फुकटचा मुक्काम म्हणजे देवळाचा सभामंडप. गुरवाला नाहीतर ट्रस्टच्या माणसाला विचारायचं, कुठल्या गावचे ते सांगायचं, आणि तिसऱ्या वाक्याला कुणीतरी ओळखीचं निघतंच. गणपतीत महामार्गावर पोलीस आणि संस्थांची सुविधा केंद्रं लागतात. तिथे चहा, प्रथमोपचार आणि पाय पसरायला जागा मिळते.

या पाहुणचारामागे जुनी देवघेव आहे. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळमधल्या चाळींत गावाच्या नावाने खोल्या असत. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीप्रमाणे झोपणारी. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने वळकटी गुंडाळायची. नवीन आलेला पोरगा नोकरी लागेपर्यंत तिथेच. गोव्याच्या गावांचे तसेच कूड धोबीतलाव-गिरगावात होते, बोटीवर नोकरी मिळेपर्यंत खलाशांनी टेकायला. मुंबईने गावाला ठेवून घेतलं, म्हणून गाव मुंबईकराला ठेवून घेतं.

नदीकाठी मात्र तंबू नकोच. सावित्री, जगबुडी आणि वाशिष्ठी या तिन्हींत मगरी आहेत. गंमत म्हणून सांगत नाही: २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावर रात्री मगर फिरताना लोकांनी पाहिली. वाशिष्ठीच्या खाडीत होडीतून मगरी दाखवायच्या फेऱ्या निघतात, त्या घ्या. वरून बघायची असेल तर परशुरामाच्या देवळापाशी थांबा. नदी, बेटं, गोवळकोट सगळं एका नजरेत.

गरम पाणी, बिल नाही

चिपळूण सोडलं की आरवली. गड नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडं. पुढे तुरळ आणि राजवाडीलाही. गंधकाचा वास येतो, पहिल्यांदा पाय पोळतो, मग निघवत नाही. सहा तास गाडीत अवघडलेल्या कमरेला याहून चांगला उपाय नाही. साबण लावू नका, गावकरी बरोबर ओरडतात.

संगमेश्वरला शास्त्री आणि सोनवी भेटतात. इथेच १६८९ साली संभाजी महाराज पकडले गेले. कसब्यातलं कर्णेश्वराचं दगडी देऊळ पाहायला अर्धा तास ठेवा. मग राजापूर, अर्जुना नदी आणि उन्हाळे गावची गंगा. चौदा कुंडं एरवी कोरडी. साधारण तीन वर्षांनी अचानक पाणी येतं, काही दिवसांनी जातं. भाविक म्हणतात गंगा आली, भूशास्त्रज्ञ नैसर्गिक सायफन म्हणतात. बांद्याला तेरेखोल ओलांडलीत की गोवा.

जायचं तर दसऱ्यानंतर जा. पाऊस थांबलेला असतो, नद्या अजून भरलेल्या, आणि हॉटेलवाल्यांना बोलायला वेळ असतो. लालबागच्या चिवडा गल्लीतून पिशवी भरून घ्या, पहाटे चारला निघा, म्हणजे कोलाडला सकाळचं पाणी सुटताना गाठाल. कुंडलिका आणि वाशिष्ठीच्या पात्रात उतरण्याआधी मात्र गावातल्या माणसाला विचारा. वीजघराने सोडलेलं पाणी पाऊस नसतानाही चढतं. आणि देवळात झोपलात तर सकाळी मंडप झाडून द्या, पेटीत चार पैसे टाका.