चित्त दोरीपाशी

औंढा नागनाथच्या देवळात नंदी शोधावा लागतो. शंकराचं देऊळ म्हटल्यावर तो समोर हवा, पण इथे तो आहे मागच्या अंगाला. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं : देऊळ फिरलं! नामदेव कीर्तन करत होते, त्यांना समोरून उठवलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देवळानं तोंडच तिकडे वळवलं. नंदी बिचारा जागचा हलला नाही.

गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर ती हिंगोली जिल्ह्यापासून फार लांब, शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात भेटते. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी जो आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यांतल्या एकात ते स्वतःच सांगतात, की हसत-खेळत देवळात आलो, भजताना धरून उठवलं, जात आडवी आली. मग कांबळं उचललं आणि मागे जाऊन बसलो. पदात गावाचं नाव नाही. औंढ्यानं ती जागा आपली मानली आहे, आणि नंदी साक्षीला ठेवला आहे.

याच जिल्ह्यातलं कयाधूकाठचं नरसी हे नामदेवांचं जन्मगाव मानतात. (कऱ्हाडजवळच्या नरसीचाही दावा आहे; त्या वादात आता शिरत नाही.) जन्म १२७०चा, घर शिंप्याचं. आणि ही शिलाई त्यांच्या शब्दांतून कधी सुटली नाही. एका पदात मन हा त्यांचा गज आहे आणि जीभ ही कात्री. मला यात कवितेची अख्खी कार्यशाळा दिसते. आधी मोजायचं, मग कापायचं. आणि मोजणारं मन कापणाऱ्या जिभेच्या पुढे असायला हवं. हे ज्याला जमलं नाही, त्याची कविता अंगाला बसत नाही.

पण मोजायचं काय? इथे नामदेवांचे गुरू विसोबा खेचर येतात. कथा अशी, की नामदेव औंढ्याला पोचले तेव्हा विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडले होते. पाय बाजूला घ्या म्हटल्यावर म्हणाले, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. तशी जागा काही सापडेना. धर्माच्या अंगानं हा प्रसंग आपण शंभरदा ऐकलेला असतो. कवीच्या अंगानं बघितला तर तो आणखी चक्रावून टाकतो. तोवर नामदेवांचा सगळा अर्थ पंढरीच्या एका मूर्तीपाशी साठलेला होता. आता तो कुठल्याही वस्तूत सापडू शकत होता. कागदात, घागरीत, गाईत.

रामकली रागातल्या एका पदात नेमक्या याच वस्तू येतात. पोरानं कागद कापून पतंग केलाय, तो आभाळात भिरभिरतोय. पोरगा सोबत्यांशी गप्पा मारतोय, पण चित्त दोरीपाशी. पाणी भरून निघालेल्या बाया हसतात, थट्टामस्करी करतात, चित्त घागरीत. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरात. आई घरात आत-बाहेर करते; चित्त पाळण्यात. आणि या सगळ्यांमधून फिरून फिरून एकच ओळ : माझं मन रामनामात गुंतलं, सोनाराचं सोन्याच्या कामात गुंतावं तसं.

आता पदाची घडण पाहा. गुरुबाणीत त्या फिरून येणाऱ्या ओळीला ‘रहाउ’ म्हणतात, आपल्याकडे ध्रुवपद. वारकरी कीर्तनात बुवा एखाद्या चरणावरून कुठल्या कुठे जातात, पुराणात, शेतात, कधी बाजारात. मग टाळकरी ध्रुवपद उचलतात आणि सगळं जागेवर येतं. म्हणजे प्रत्येक चरण हा पतंग, ध्रुवपद ही दोरी. दोरी हातात आहे म्हणून पतंग लांब जाऊ शकतो. चित्त कसं असावं हे पद सांगतं, आणि सांगताना स्वतः तसंच वागतं! आशय आणि आकृतिबंध यांवर आपल्याकडे जाड पुस्तकं लिहिली गेली आहेत. मला तरी याहून स्वच्छ उदाहरण सापडलेलं नाही.

पण ही दोरी नामदेवांच्याच हातची का? नामदेवांनी काय लिहिलं आणि त्यांच्या नावानं इतरांनी काय लिहिलं, हे वेगळं करताना अभ्यासक दमतात. विष्णुदास नामा हा कवी तर सोळाव्या शतकातला, तरी त्याचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळून गेले आहेत. दोरी अशी हातोहात गेली असेल, तर पहिला हात कुणाचा हे कसं सांगणार?

तरी एक खूण उरते. रामकलीतल्या त्या पदात क्रियापदांच्या शेवटी ‘ले’ येतो, अगदी आपल्या ‘केले’, ‘आणले’सारखा. पंजाबात रागी (शीख कीर्तनकार) ते गातात तेव्हा मराठी माणसाचा कान तिथे अडतो. अर्थ पुरता लागत नाही, पण ओळीच्या टोकाशी कुणीतरी घरचं बोलतंय असं वाटत राहतं.