तासांपेक्षा वर्षांनी म्हातारे होणारे विमान

लष्करी प्रशिक्षण विमान मुळात नवशिक्याच्या हाती देण्यासाठीच घडवलेले असते, आणि म्हणून त्याचा आराखडा काढणाऱ्याला दोन गोष्टी आधीच मान्य कराव्या लागतात : ते आपटले जाणार, आणि आपटल्यावर जवळच्याच एखाद्या छपराखाली, साध्या हत्यारांनी, पुन्हा उभे करता आले पाहिजे. द हॅविलंड या ब्रिटिश कंपनीचे टायगर मॉथ हे विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन येथून प्रथम उडाले, ते याच हिशेबाने बांधलेले होते. पुढे ब्रिटनबरोबरच कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही त्याची बांधणी झाली, एकूण संख्या आठ हजारांच्या वर गेली, आणि दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश साम्राज्याच्या वैमानिकांची एक अख्खी पिढी, भारतीय वैमानिक धरून, त्याच्यावर उडायला शिकली. युद्ध संपल्यावर ही विमाने फाजील ठरून स्वस्तात विकली गेली आणि उड्डाण क्लबांच्या व हौशी व्यक्तींच्या ताब्यात आली. त्यांपैकी बरीच आजही उडतात. सरकारने काही वर्षांत वापरून टाकून देण्यासाठी केलेली ही वस्तू खासगी माणूस नव्वद वर्षे कशी टिकवतो, आणि तिला नेमके झिजवते काय, हे पाहण्यासारखे आहे.

मालकाच्या पदरात जे पडते ते पत्र्याचे विमान नसते. पोलादी नळ्या जोडून केलेला धडाचा सांगाडा, स्प्रूस या हलक्या, सरळ रेषांच्या लाकडाचे पंख, आणि या सगळ्यावर ताणून बसवलेले कापड, अशी ही रचना असून रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ५०० किलो, म्हणजे मारुती ८०० मोटारीहूनही कमी, भरते. पंखांच्या दोन जोड्या एकीवर एक असतात आणि त्या किंचित मागे झुकलेल्या दिसतात. या झुकावाचे कारण सौंदर्याचे नाही. पुढच्या आसनावर प्रशिक्षक बसतो, आणि पाठीला पॅराशूट बांधलेल्या अवस्थेत त्याला उडी टाकता यावी म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवावा लागला, तेव्हा बिघडलेला तोल सावरण्यासाठी पंखांची टोके मागे घ्यावी लागली. त्याच मधल्या भागात सुमारे ८५ लिटरची पेट्रोलची टाकी बसवलेली असून इंधन केवळ उंचीच्या जोरावर खाली इंजिनात उतरते. इंधनपंप नाही, बॅटरी नाही, स्टार्टर नाही, मूळ आराखड्यात ब्रेकसुद्धा नाहीत, आणि शेपटाखाली चाकाच्या जागी स्किड नावाची, गवतावर घासत जाणारी पोलादी पट्टी आहे. प्रशिक्षक विद्यार्थ्याशी बोलतो ते एका नळीतून. देखभालीच्या दृष्टीने पाहता या उणिवा म्हणजे मालकाची मोठीच बचत होय, मात्र डांबरी धावपट्टीवर स्किड झपाट्याने झिजते आणि विमान वळवायला पंखाशी एक माणूस चालवावा लागतो, म्हणून अशा विमानासाठी गवताचे मैदान शोधणे हीदेखील मालकाचीच डोकेदुखी ठरते.

इंजिन जिप्सी मेजर, चार सिलिंडरांचे, सुमारे सहा लिटरचे, १३० अश्वशक्तीचे आणि उलटे टांगलेले असते. उलटे म्हणजे क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली. त्यामुळे प्रोपेलर जमिनीपासून उंच राहतो आणि सिलिंडरांचा अडथळा नसल्याने वैमानिकाला समोरचे थोडे अधिक दिसते. याची किंमत अशी, की इंजिन थंड असताना वरचे तेल पाझरत खाली येऊन सिलिंडरात साठते. तेल दाबले जात नसल्याने तशा स्थितीत इंजिन सुरू झाले तर पिस्टनचा दांडा वाकतो. म्हणून दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी प्रोपेलर हाताने सावकाश फिरवून पाहतात, आणि कुठे जड, लोण्यात रुतल्यासारखा अडला तर जोर न लावता स्पार्क प्लग काढून तेल बाहेर सोडतात. सिलिंडरांच्या डोक्यांवरील झडपा हलवणाऱ्या रॉकरांचे डबे तेलाने भरलेले असतात आणि ठराविक तासांनी ते उघडून तेल पाहावे लागते.

सुरू करण्याचा विधी तर हातानेच व्हायचा. कॉकपिटमध्ये एक जण, प्रोपेलरपाशी दुसरा, आणि दोघांत ठरलेल्या शब्दांची मोठ्याने देवाणघेवाण. मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीविना स्वतःच ठिणगीची वीज तयार करणारे यंत्र, दोन असतात, आणि त्यांची बटणे कॉकपिटच्या बाहेरच्या अंगाला बसवलेली असतात, जेणेकरून प्रोपेलर ओढणाऱ्यालाही ती दिसावीत. यात एक मेख आहे. मॅग्नेटो ‘बंद’ करणे म्हणजे त्याची वीज एका तारेने विमानाच्या सांगाड्यात सोडून देणे. ती तार तुटली तर बटण बंद दिसत असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि कुणी सहज प्रोपेलर हलवला तरी इंजिन सुरू होऊ शकते. म्हणून जुन्या विमानाच्या हँगरमध्ये वावरणारा शहाणा माणूस कुठल्याही प्रोपेलरला हात लावताना तो फिरणारच आहे असे समजून उभा राहतो. एका मॅग्नेटोत स्प्रिंगचा झटका देणारी जोडणी असते. प्रोपेलर ओढताना तिचा ‘टक्’ असा आवाज येतो आणि तो न आल्यास इंजिन बहुधा सुरू होत नाही.

पंखाच्या कापडाची कथा अधिक मनोरंजक आहे. मूळ कापड आयरिश लिनन, म्हणजे जवसाच्या धाग्याचे. ते सांगाड्यावर चढवून वर डोप नावाचे सेल्युलोजचे द्रावण चढवत, आणि ते सुकताना कापड आक्रसून ढोलाच्या कातड्यासारखे ताणले जाई. फासळ्यांना, म्हणजे पंखाचा आकार धरणाऱ्या आडव्या लाकडी पट्ट्यांना, हे कापड नुसते चिकटवून भागत नाही, कारण उड्डाणात वरच्या बाजूचे कापड हवा वर ओढत असते. म्हणून पंख उभा धरून दोघे जण दोन बाजूंना बसतात, मेण लावलेला दोरा ओवलेली लांब सुई एक जण आत ढकलतो, दुसरा ती बाहेर ओढून परत पाठवतो, आणि प्रत्येक टाक्याला स्वतंत्र गाठ मारली जाते, ज्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचा सैल होत नाही. टाक्यांवर दातेरी कडांची फीत चिकटवून पुन्हा डोप देतात. आपल्याकडील गोधडी शिवणाऱ्या बाईला यातले निम्मे काम समजावून सांगावे लागणार नाही, एवढे ते ओळखीचे आहे. उरलेले निम्मे म्हणजे टाक्यांमधील अंतर, आणि ते मात्र कुणाच्या अंदाजावर सोडलेले नसून कागदावर ठरवून दिलेले असते.

आता बहुतेक मालक लिननऐवजी पॉलिस्टरचे कापड वापरतात. लिननला ऊन आणि दमट हवा काही वर्षांतच कुजवत असे, पॉलिस्टर हँगरमध्ये जपलेल्या विमानावर वीसेक वर्षेही टिकते. ही सरळ सरळ प्रगती वाटते, पण या व्यवसायातील जाणकार तिच्याकडे थोड्या संशयाने पाहतात, आणि त्यांचा संशय रास्त आहे. पंखातील मुख्य लाकडी वासा, ज्याला स्पार म्हणतात, आणि फासळ्यांचे सांधे हे नीट पाहण्याची संधी कापड उतरवल्यावरच मिळते. कापड दर काही वर्षांनी बदलावेच लागत असे तेव्हा ही तपासणी आपोआप होई. कापड टिकाऊ झाले तसे लाकूड नजरेआड राहू लागले. जुने सांधे अनेकदा केसिनच्या, म्हणजे दुधातील प्रथिनापासून केलेल्या सरसाचे असत. केसिनला ओल लागली की बुरशी धरते आणि सांधा बाहेरून जसाच्या तसा दिसत असताना आतून सुटतो. पुढे आलेले कृत्रिम सरस अधिक भरवशाचे ठरले, तरी तेही अमर नाहीत.

लाकूड, सरस आणि कापड यांना विमान किती उडाले याच्याशी फारसे कर्तव्य नसते, किती दिवस झाले याच्याशी असते. टायगर मॉथच्या बाबतीत हा नियम पोलादालाही लागू पडतो. खालच्या दोन पंखांचा ताण धडातून आरपार एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या दोन पोलादी सळ्या असतात, त्यांना टाय रॉड म्हणतात. त्या २,००० उड्डाण-तासांनी किंवा १८ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलायच्या असतात. वर्षाला पन्नास तास उडणाऱ्या खासगी विमानाला २,००० तास भरायला चाळीस वर्षे लागतील, म्हणजे अशा मालकासाठी तासांचा आकडा जवळजवळ शोभेचा असतो आणि सळ्या निकालात काढतो तो पंचांगच. १६ डिसेंबर २०१३ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या किनाऱ्यालगत एक टायगर मॉथ हवेतच मोडले आणि त्यातील दोघेही मरण पावले. तपासात असे आढळले, की नंतर बनवून बसवलेल्या या सळ्या आट्यांपाशी, म्हणजे नट फिरवण्यासाठी कापलेल्या खाचांपाशी, थकव्याच्या भेगांमुळे तुटल्या होत्या, आणि त्यांचे ठरलेले आयुष्य पुरे होण्याच्या बरेच आधी. थकवा म्हणजे वारंवार ताण येऊन-जाऊन धातूत वाढत जाणारी बारीक भेग. लिहून दिलेला आयुष्याचा आकडा मूळ आराखड्याबरहुकूम केलेल्या भागाचा असतो, दिसायला सारख्या असलेल्या दुसऱ्या भागाचा नव्हे, हे या घटनेने पुन्हा एकदा दाखवून दिले.

धातूच्या प्रशिक्षण विमानांत हिशेब बदलतो. टायगर मॉथची जागा घेणारे चिपमंक हे १९४६ साली कॅनडात प्रथम उडालेले विमान धातूचे असल्याने त्याचे आयुष्य थकव्याच्या तासांत मोजले जाते, आणि त्यात कसरतींचा एक तास साध्या उड्डाणाच्या एका तासापेक्षा जास्त धरला जातो. अमेरिकी बनावटीच्या हार्वर्ड विमानाचे पंख धडाजवळच्या भागाला जोडणाऱ्या कोनपट्ट्यांत भेगा आढळल्यावर, २००५ सालच्या फ्लॉरिडातील एका अपघातानंतर, त्यांची ठराविक तासांनी पुन्हा पुन्हा तपासणी करणे बंधनकारक झाले. हार्वर्डचे इंजिन ६०० अश्वशक्तीचे असून ताशी शंभराहून अधिक लिटर इंधन पिते, टायगर मॉथ तीसेक लिटरवर भागवते. खासगी हौसेची मर्यादा बहुतेकांच्या बाबतीत याच दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते, आणि म्हणूनच अनेक विमाने चार-सहा जणांच्या भागीदारीत चालतात.

या सगळ्याच्या जोडीला कागद आहेत, आणि जुन्या विमानाचे निम्मे मोल त्यांतच असते. पंख, कापड, इंजिन, सळ्या सगळे बदलत गेल्यावर मूळचे काय उरले, या प्रश्नाचे व्यवहारातील उत्तर धडावरील छोटी ओळखपट्टी आणि नोंदवह्या, एवढेच आहे. कुठला भाग कुणी, कोणत्या आराखड्यावरून बनवला याची साखळी तुटली, तर भाग कितीही चकाकता असो, तो बसवता येत नाही. टायगर मॉथचे नशीब असे, की मूळ कंपनी लयाला गेल्यावरही इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे द हॅविलंड सपोर्ट नावाची संस्था या विमानांचे आराखडे आणि तांत्रिक जबाबदारी सांभाळते. हे नशीब प्रत्येक विमानाला लाभत नाही. भारतीय हवाई दलात टायगर मॉथच्या जागी आलेले एचटी-२ हे डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये आकाराला आले. गोटिंगेन येथे लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली वायुगतिकी शिकून परतलेल्या घाटगे यांचे हे विमान १९५१ साली उडाले, आणि त्याच्या पहिल्या नमुन्यात इंजिनही जिप्सी मेजरच होते. पण त्याची संख्या दोनशेच्या आतच राहिली, आणि आठ हजारांच्या मागे जो सुट्या भागांचा व कारागिरांचा बाजार उभा राहतो, तो दोनशेंच्या मागे राहात नाही.

भारतात जिप्सी इंजिनाची आठवण आणखी एका कारणाने आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ मध्ये कराचीहून जुहूला टपाल आणले ते पस मॉथमधून, आणि १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्या घटनेच्या सुवर्णमहोत्सवात तेच अंतर पुन्हा कापले ते लेपर्ड मॉथमधून. पहिल्या विमानाला जिप्सी थ्री होते, दुसऱ्याला जिप्सी मेजर. भारतीय हवाई दलाने स्वतःचे एक टायगर मॉथ नव्याने उभारून घेतले आणि २०१२च्या हवाई दल दिनी ते हिंडन तळावर उडवले. अशा इंजिनांना लागणारे अ‍ॅव्हगॅस हे विमानाचे पेट्रोल भारतात आयात करावे लागे. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने त्याचे देशी उत्पादन बाजारात आणले. त्यातील शिसे मात्र कमी दाबाच्या या जुन्या इंजिनांना मानवत नाही आणि स्पार्क प्लगांवर साठत जाते.

आपल्या हवामानातील खरी कसोटी उड्डाणाची नसून विश्रांतीची आहे. पावसाळ्यात विमान हँगरमध्ये बंद राहिले, की इंजिनातील तेलाचा पापुद्रा ओघळून कॅमशाफ्ट आणि सिलिंडरांच्या भिंती उघड्या पडतात आणि दमट हवेने त्यांवर गंज चढतो. जमिनीवरच पाच-दहा मिनिटे इंजिन चालवून समाधान मानणारा मालक स्वतःचे नुकसानच करतो, कारण एवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही, आतली वाफ निघून जाण्याऐवजी तेलातच मिसळते आणि गंजाला मदत होते. एकतर अर्धा-पाऊण तास उडावे, किंवा इंजिनात संरक्षक तेल फवारून, स्पार्क प्लगांच्या जागी ओल शोषणारे बूच लावून ते सरळ बंद ठेवावे. लाकडासाठी हवा खेळती लागते, म्हणून पंखांवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालत नाहीत, आणि त्यांच्या खालच्या अंगाला पाणी निथळण्यासाठी ठेवलेली छिद्रे काडीने मोकळी करतात. आश्विनात विमान बाहेर निघते तेव्हा नोंदवहीत उड्डाणाच्या तासांचा रकाना आषाढात होता तसाच असतो. टाय रॉडच्या अठरा वर्षांतून मात्र ते महिने वजा झालेले असतात.