रेंज आली, आता ऐकणारा हवा

देशातील पहिला 'आधार' क्रमांक मुंबईत किंवा दिल्लीत दिला गेला नाही. तो दिला गेला आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली या छोट्याशा गावात. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी तेथे आले होते. संगणकाच्या युगाने त्या दिवशी आमच्या जिल्ह्याचे दार वाजवले, असे म्हणायला हरकत नाही. पुढच्या दहा वर्षांत ते युग घरात शिरले आणि थेट मुलांच्या हाती गेले.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. मैदानी गावांत कसेबसे निभावले. पण सातपुड्याच्या डोंगरात रेंज कुठली? धडगाव परिसरातील मुले त्यासाठी टेकड्या चढत, झाडांच्या फांद्यांवर जाऊन बसत. त्यांची छायाचित्रे पाहून शहरातील लोक हळहळले. जिद्दीचे कौतुक झाले, ते योग्यही होते. मात्र शाळा पुन्हा भरल्या, तेव्हा वर्गात परतलेली मुले पूर्वीची राहिली नव्हती, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

मी याच जिल्ह्यात गेली बावीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवतो. मुले अभ्यासात मागे पडली, हे चाचणी परीक्षेत लगेच दिसले. पण काही मुले अबोल झाली होती, काही उगाच चिडत होती, काही पहिल्या तासालाच पेंगत होती. हे कुठल्या प्रगतिपुस्तकात लिहायचे? त्यासाठी रकानाच नसतो.

आकडे काय सांगतात?

ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणारा 'असर' अहवाल दरवेळी वाचनाच्या आणि भागाकाराच्या आकड्यांसाठी चर्चेत येतो. २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या मुलांना स्मार्टफोनबद्दलही विचारले होते. ८२ टक्के मुलांना तो वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला, असे ५७ टक्के मुलांनी सांगितले. समाजमाध्यमांसाठी वापरला, असे ७६ टक्क्यांनी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी त्रास देणाऱ्याला रोखायचे कसे, त्याची तक्रार करायची कशी, हे सुमारे ६२ टक्के मुलांनाच ठाऊक होते. म्हणजे दहातली जवळजवळ चार मुले कडी कशी लावायची हे न शिकताच रस्त्यावर उघडणाऱ्या घरात राहायला गेली आहेत.

त्याचे परिणाम वर्गात दिसतात. आठवीतला एक मुलगा फळ्यावर वाचताना अडखळला. घरी भिली बोलणारे, आईला 'याहा' म्हणणारे मूल. मराठी जोडाक्षरांशी त्याची झटापट चाललेली. कुणीतरी ते टिपले, वर हसणारी चित्रे चिकटवली आणि गटावर टाकले. पूर्वी अशी थट्टा शाळा सुटली की सुटायची. आता ती मुलाच्या मागोमाग घरी जाते, रात्री उशाशी येऊन बसते. तो मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. 'पोट दुखत होते,' एवढेच सांगितले. खरे दुखणे त्याच्या भाषा जाणणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याने शाळेमागच्या निंबाखाली बसून काढून घेतले. वाक्यांची सुरुवात भिलीत झाली, तेव्हा कुठे पोटातले ओठावर आले.

तोच मोबाइल, दुसरी बाजू

इथवर वाचून कुणी म्हणेल, 'मग काढून घ्या ना मोबाइल!' पण आमच्याकडे प्रश्न इतका सरळ नाही. दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात. त्यांची मुले आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत असतात. सहा-सात वर्षांचे मूल आईवेगळे होते, ते होळीपर्यंत. अशा मुलीला आठवड्यातून एकदा अधीक्षिकाबाईंच्या मोबाइलवर आईचा आवाज ऐकू येतो. त्या पाच मिनिटांनंतर ती नीट जेवते, हे मी पाहिले आहे. या मुलीसाठी मोबाइल हे व्यसन नव्हे. तो घराकडे जाणारा एकमेव रस्ता आहे.

आणखी एक. पाठ्यपुस्तकात न सापडणारी आपली बोली आणि आपली गाणी डोंगरातल्या पोरांना मोबाइलवर भेटतात. काठीच्या होळीची दृश्ये ती अभिमानाने एकमेकांना दाखवतात. वर्गात मान खाली घालणारे मूल तेथे ताठ मानेने उभे असते. हे सुख त्याच्याकडून हिसकावून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

म्हणून 'किती वेळ पाहतो?' याच्या जोडीला 'काय पाहतो, कुणाबरोबर पाहतो आणि पाहून झाल्यावर कसा दिसतो?' हेही विचारायला हवे.

बंदी आणि भोंगा

जगभर या प्रश्नावर खल चालू आहे. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाने शाळेतील मोबाइलबद्दल सावध केले; एकदा चित्त विचलित झाले, की पुन्हा अभ्यासात रुळायला वीस मिनिटांपर्यंत लागू शकतात, याकडे त्याने लक्ष वेधले. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा केला. तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. शाळेच्या वेळेत मोबाइल नको, हे मलाही मान्य आहे.

पण मला अधिक जवळचे वाटते ते सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव. कडेगाव तालुक्यातील या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये एक प्रघात पाडला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजायचा आणि दीड तास गावातले दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद. या उपक्रमातले मर्म असे, की बंदी केवळ मुलांवर नव्हती. वडिलांनीही मोबाइल बाजूला ठेवायचा, आईनेही मालिका सोडायची. आपण अंगठ्याने पडदा सरकवत मुलाला 'अभ्यास कर' म्हणतो, तेव्हा ते आपले शब्द ऐकत नाही, अंगठा पाहते.

काय करता येईल?

फार मोठ्या योजनांची वाट पाहायला नको. प्रत्येक शाळेत निदान एक शिक्षक असा हवा, की ज्याच्याकडे मूल न घाबरता जाईल. शक्यतो त्याची बोली जाणणारा. वसतिगृहांत घरी बोलण्याची वेळ आणि वार ठरवून द्यावा आणि चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून तो पाळावा. पालकसभेत गुणांइतकेच झोपेबद्दल, मित्रांबद्दल बोलावे. आणि शाळेच्या भिंतीवर सुविचारांच्या शेजारी तीन क्रमांक ठळक लिहावेत. १०९८ ही संकटातील मुलांसाठीची मदतवाहिनी. १४४१६ ही ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली-मानस'; मन खचले तर तेथे रात्री-अपरात्री, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी.

घरी मात्र एक सूत्र प्रत्येकाने पाळावे. मोबाइलवर काही विपरीत घडले असे मुलाने सांगितले, तर पहिले वाक्य 'तुला कुणी सांगितले होते नसते उद्योग करायला?' हे नसावे. ते 'बरे झाले सांगितलेस' असे असावे. पहिल्या वाक्याने मूल कायमचे गप्प होते. विशेषतः मुली, कारण 'सांगितले तर मोबाइल जाईल, कदाचित शाळाही जाईल', ही त्यांची भीती खोटी नसते.

आमच्या डोंगरात आता मनोरे उभे राहत आहेत. ज्या पाड्यांवर अजून रेंज नाही, तेथेही ती आज ना उद्या पोचेल. ते काम कंपन्यांचे आणि सरकारचे. पण मुलाने हाक मारली, तर ती ऐकू येईल एवढ्या अंतरावर असणे, हे काम आपले. त्याला मनोरा लागत नाही. संध्याकाळची भाकरी होईपर्यंत चुलीपाशी मुलाजवळ बसले, तरी पुरते.