गोष्टीला हुंकार हवा

‘आवाज येतोय का?’ आणि ‘मी दिसतोय का?’ ही दोन वाक्यं २०२० सालानंतर आपल्या घराघरांत इतक्या वेळा बोलली गेली की त्यांच्या म्हणी व्हायला हरकत नाही. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि फळा मोबाईलच्या पडद्यावर आला. युनेस्कोच्या हिशेबाने त्या काळात जगभरातल्या दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांचं शिक्षण थांबलं होतं. पुढे साथ ओसरली, शाळांच्या घंटा पुन्हा वाजू लागल्या. पण पडद्यावरचा वर्ग काही गेला नाही. शिकवण्या, स्पर्धा परीक्षांची तयारी, परदेशातल्या नातवंडांचे मराठीचे तास आता असेच चालतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीची हवा इतकी बिघडली की तिथल्या मुलांना पुन्हा घरी बसून शिकावं लागलं. तेव्हा प्रश्न अजून ताजाच आहे : मूल पडद्यासमोर बसतं, पण ते वर्गात असतं का?

मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. बी.ए. झालो, कविता लिहितो, मुलांच्या काव्यशाळा घेतो. पण समोरच्या माणसाला बांधून ठेवण्याची कला आपल्याकडे जुनी आहे, तिची थोडीफार ओळख आहे. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही नातवंडांनी ‘हं’ म्हणायचं, असा नियम होता. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, कीर्तनात बुवा श्रोत्यांकडून नामघोष करवून घेतात, मुशायऱ्यात शेर अर्ध्यावर असतानाच दाद येते आणि शायर तीच ओळ पुन्हा म्हणतो. ऐकणाऱ्याला काहीतरी काम नेमून दिलेलं असतं. ऑनलाईन वर्गात नेमकं हेच हरवतं.

का हरवतं, ते पाहू. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जेमतेम सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. २००९ साली दहा भाषांच्या तुलनेतून हे दिसलं होतं. इंटरनेटवर आवाज पोचायलाच उशीर होतो. मग दोघे एकदम बोलतात, दोघेही थांबतात आणि शेवटी कोणीच बोलत नाही. वर्गात मुलांच्या कपाळावरची आठी शिक्षकांना दिसते, मागच्या बाकावरची कुजबुज ऐकू येते. इथे बंद कॅमेऱ्यांचे काळे चौकोन आणि बंद माईक! वर स्वतःचाच चेहरा तासभर समोर. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची चार कारणं मांडली : जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःला सतत पाहणं, एका जागी जखडून बसणं आणि खाणाखुणा समजून घेण्यासाठी मेंदूला पडणारे जादा कष्ट. चाळिशीतला कारकून यानं थकतो, तर दहा वर्षांच्या मुलाची काय कथा?

माझी धाकटी मुलगी तेव्हा नववीत होती. मी विचारलं, ‘वर्ग कसा चाललाय?’ ती म्हणाली, ‘अब्बा, सर विचारतात, समजलं का? आम्ही सगळे लिहितो, हो सर. त्यांनाही बरं वाटतं, आम्हालाही.’ एका वाक्यात तिनं सगळं सांगितलं. ‘हो सर’ हा हुंकार नव्हे. ती हजेरीपटावरची सही आहे.

न दिसणाऱ्या श्रोत्याला जागं कसं ठेवायचं, हा प्रश्न रेडिओला फार पूर्वीच पडला होता. १९५६ साली ऑल इंडिया रेडिओनं युनेस्कोच्या मदतीनं पुण्याच्या आसपासच्या जिल्ह्यांत, सुमारे १५० गावांत एक प्रयोग केला. गावोगावी शेतकऱ्यांची श्रोतामंडळं स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असं दहा आठवडे चाललं. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचं. शंका उरल्या तर केंद्राला कळवायच्या. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळत. पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञानं याचा अभ्यास केला. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांच्या ज्ञानात खूपच जास्त भर पडलेली आढळली. यंत्र तेच होतं. फरक पडला तो ऐकणाऱ्याला बोलायची पाळी मिळाल्यानं.

ऑनलाईन वर्गालाही हाच न्याय लागू पडतो. पहिली गोष्ट म्हणजे तासाचे तुकडे करावेत. सात-आठ मिनिटं शिकवलं की मुलांना काहीतरी करायला द्यावं. हार्वर्डमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकवीस मिनिटांच्या ध्वनिचित्रित व्याख्यानाचे चार भाग पाडले होते. प्रत्येक भागानंतर ज्यांना छोटी चाचणी दिली, त्यांचं मन कमी भरकटलं, त्यांनी टिपणं जास्त घेतली आणि शेवटी त्यांना आठवलंही जास्त. चाचणी म्हणजे गुणांची भीती नव्हे. ‘आत्ता जे ऐकलं ते एका ओळीत वहीत लिहा आणि वही कॅमेऱ्यासमोर धरा,’ एवढं पुरे.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. ‘समजलं का?’ या प्रश्नाला रजा द्यावी. त्याऐवजी ‘हे असं नसतं तर काय झालं असतं?’ असं विचारावं आणि थांबावं. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. पडद्यावर तर दहा सेकंद थांबायला हवं. ती शांतता शिक्षकांना खायला उठते, पण तेवढ्यात मूल विचार करत असतं. आधी प्रश्न, मग थांबा, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सगळे सुटतात.

तिसरी गोष्ट : पडद्याबाहेर जाऊ द्या. मूल घरी आहे ही अडचण आहे, तशी सोयही आहे. अपूर्णांक शिकवायचे तर भाकरीचे तुकडे करायला सांगा. बाष्पीभवन शिकवायचं तर ताटलीत पाणी ठेवून तासाभरानं पाहायला सांगा. २०२० च्या पावसाळ्यात मी मुलांना उपमा शिकवत होतो. म्हटलं, स्वयंपाकघरातून एक वस्तू आणा आणि ती कशासारखी दिसते ते लिहा. पाच मिनिटं पडद्यावर नुसत्या रिकाम्या खुर्च्या! मग एका मुलीनं तवा उचलून दाखवला. खाली लिहिलं होतं, ‘अमावास्येचा चंद्र’. त्या दिवशी वेगळी व्याख्या सांगावी लागली नाही.

वेळेचं भानही हवं. केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच ऑनलाईन तास आणि नववी ते बारावीसाठी चारच, अशी मर्यादा सुचवली होती. साथ गेली तरी ते गणित चुकीचं ठरत नाही. बाकीचा वेळ पुस्तकाला, हाताला, अंगणाला द्यावा.

आणि कॅमेऱ्याविषयी. ‘कॅमेरा चालू कर’ असा हुकूम सोडण्याआधी पलीकडचं घर आठवावं. एका खोलीत सहा माणसं, मागे आजोबा खाटेवर, शेजारी आईची शिलाई मशीन. पोरीला ते वर्गाला दाखवायचं नसेल, तर ती बेपर्वा नव्हे, मानी आहे. घरात मोबाईल एक आणि मुलं तीन असतील, नेटचा रोजचा कोटा संपत आला असेल, तर चित्र पाठवणंच परवडत नाही. अशा मुलासाठी आवाजाचा, लिहिण्याचा, दुसऱ्या दिवशी फोनवर उत्तर देण्याचा मार्ग खुला हवा. हुंकार चेहऱ्यानंच द्यावा असं थोडंच आहे?

शाळेतून मूल पळालं तर बाक रिकामा दिसतो, कोणीतरी घरी चौकशीला जातं. पडद्यावरच्या वर्गातून मूल निघून जातं तेव्हा त्याचं नाव तिथंच चमकत राहतं. म्हणून तासाच्या अखेरीस शिक्षकांनी यादीवर एकदा नजर फिरवावी आणि आज ज्याचा आवाज आला नाही, त्या नावापुढे खूण करावी. उद्याचा पहिला प्रश्न त्याच्यासाठी राखून ठेवावा, तोही सोपा, हमखास उत्तर येईल असा. आणि पालकांनी ‘आज काय शिकवलं?’ यापेक्षा ‘आज तू काय विचारलंस?’ असं विचारावं. उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर रागावू नये. उद्या पुन्हा विचारावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)